बोरिवलीचं घर आणि भाऊंचं गाऱ्हाणं

भाऊ येणार म्हटल्यावर जानकीने सकाळीच हॉलची खिडकी लावून घेतली, स्वयंपाकघरातली बंदच असायची ती नीट बंद आहे ना ते बघितलं, आणि देवापुढे एकीच्या जागी चार अगरबत्त्या लावल्या. कांजूरमार्गच्या या घरात आल्यापासूनचा हा शिरस्ता होता. घर घेऊन दिलं होतं थोरल्या दिरांनी, म्हणजे भाऊंनी. एजंटशिवाय, दलालीचा एक पैसा न देता, निव्वळ गावच्या ओळखीवर. ही गोष्ट भाऊ प्रत्येक लग्नात सांगत, बारशात सांगत, आणि एकदा तर तेराव्याच्या पंगतीतही त्यांनी ती सांगितली होती. अशा घराला कचऱ्याच्या डेपोचा वास येतो, हे भाऊंना कळू न देणं हा मठकरांच्या घरातला सगळ्यांत मोठा कुळाचार होऊन बसला होता.

घर बघायला भाऊंनी त्यांना संध्याकाळचं नेलं होतं. त्या दिवशी वारा खाडीकडे वाहत होता. विकणारे गाववाले खडपे यांनी मुद्दाम खिडकीत उभं करून चहा पाजला आणि "वारो बघा कसो येता" असं तीनदा म्हणाले. राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी वारा फिरला. चंद्रप्रकाश, जानकीचे यजमान, नाकाला रुमाल लावून म्हणाले, "गटार तुंबलं असेल." ते गटार गेली बारा वर्षं तुंबलेलंच होतं. शेजारपाजाऱ्यांनी मोर्चे काढले, सह्या गोळा केल्या. मठकर कशातच गेले नाहीत, कारण पेपरात फोटो आला आणि भाऊंनी बघितला तर त्यांच्या मनाला किती लागेल! भाऊंच्या मनाला लागू नये म्हणून तीन माणसं बारा वर्षं नाक दाबून बसली होती.

सून अक्षता लग्न होऊन आली त्या दिवशी माप ओलांडून आत पाऊल टाकताच म्हणाली होती, "आई, वास कसला येतोय?" तिला बाजूला घेऊन घरची रीत समजावून द्यावी लागली. पण त्या एका प्रश्नाने जानकीच्या मनात कायमचं घर केलं. आता मुलगा सिद्धेश आणि अक्षता बोरिवलीला मोठं घर बघत होते, तिथे सगळ्यांनी मिळून राहायचं होतं, आणि त्यासाठी हे घर विकायचं होतं. भाऊंना सांगायचं कारण ठरलेलं होतं: अक्षताचं गोरेगावचं ऑफिस.

बोरिवलीच्या त्या घराचं स्वयंपाकघर जानकीने दोनदा बघितलं होतं. तिसऱ्या मजल्यावर, ओट्यासमोर रुंद खिडकी, पलीकडे नॅशनल पार्कची झाडं. दुसऱ्या वेळी तिने कुणाचं लक्ष नाही असं बघून खिडकी उघडली आणि चांगला छाती भरून श्वास घेतला. आपल्याला आयुष्यात काही हवं आहे हे तिला इतक्या स्पष्टपणे कधी कळलं नव्हतं. लालबागच्या खोलीत ती लग्न करून आली, कांजूरला दिराने आणली म्हणून आली. हे घर मात्र तिला हवं होतं, आणि इतकं हवं होतं की रात्री झोपेत तिने त्या ओट्यावर मिक्सर कुठे ठेवायचा तेही ठरवलं होतं.

बेल वाजली. भाऊ जोगेश्वरीहून आले होते. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात पिशवी आणि पिशवीत नारळ.

"टोकन देऊक जातास ना?" आत येत ते म्हणाले. "मग गाऱ्हाणा नको घालूक? असाच पैसे नेऊन देतलास?"

सिद्धेशने आईकडे बघितलं. भाऊंना आज न्यायचंच नव्हतं. एजंट उत्तरा दिघे यांनी बजावून सांगितलं होतं, माणसं कमी आणा आणि आणाल त्यांना गप्प बसायला सांगा. पण चंद्रप्रकाशांनी काल फोनवर भाऊंना सगळं सांगून टाकलं होतं. ते भाऊंपासून काही लपवत नसत, वास सोडून.

"भाऊ, सगळं ठरलंय," सिद्धेश म्हणाला. "भाव ठरला, टोकन ठरलं. उत्तरा मॅडमनी सगळं केलंय. आज फक्त जायचं, चेक द्यायचा, पावती घ्यायची."

"मॅडम!" भाऊ खुर्चीत बसले. "मी ह्या घर घेतलंय तेव्हा खयची मॅडम होती रे? खडप्याच्या खांद्यार हात टाकलंय, म्हटलंय, आपल्या माणसाक दे. झाला! एजंट म्हणजे काय, दोघांच्या मधी उभो रवान दोघांच्या खिशात हात घालणारो माणूस."

"पण भाऊ, तिने आम्हाला वाचवलंय," अक्षता म्हणाली. "आधी जे घर आवडलं होतं ना दौलतनगरचं, त्या बिल्डिंगला ओसीच नव्हती. राहायची परवानगीच नाही! तिने सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर वाट लागली असती."

"ता घर दाखवल्यान कोणी?"

अक्षता जरा घुटमळली. "दुसऱ्या एजंटने."

"बघ," भाऊ म्हणाले आणि मांडीवर थाप मारली. "हिच्याकडचा असता तर ओसी नसलेली दिसली नसती."

खरं म्हणजे जानकीलाही भाऊंचं म्हणणं पटलं. उत्तराबाईंचा तिला मनापासून भरवसा वाटत नव्हता. बाई गोड बोलायच्या, पण ज्या घराबद्दल बोलायच्या ते घर जगातलं शेवटचं असल्यासारखं बोलायच्या. प्रत्येक घराला त्यांच्याकडे एक दुसरी पार्टी तयार असायची. बोरिवलीच्या घरासाठी ती पार्टी ठाण्याची होती, डॉक्टर नवरा-बायको, पैसे तयार, फक्त उत्तराबाईंच्या मठकरांवरच्या प्रेमामुळे थांबवून धरलेली. शिवाय कांजूरचं घर विकायचा विषय निघाला तेव्हा बाई हसून म्हणाल्या होत्या, "ते माझ्यावर सोडा. गिऱ्हाईक आपण वारा बघून आणू." अक्षता-सिद्धेश हसले. जानकीला खडप्यांचा चहा आठवला, आणि आपल्या जागी नाक दाबून बसायला कोण येणार या विचाराने तिला दिवसभर बरं वाटलं नाही.

पण एक गोष्ट खरी होती. उत्तराबाईंनी भाव पाडून दाखवला होता. त्यासाठी त्यांनी अख्ख्या घराची शिकवणी घेतली होती. घर कितीही आवडलं तरी तोंडावर दिसता कामा नये. भिंतीवर हात फिरवायचा आणि सुस्कारा सोडायचा. जानकीने आरशासमोर उभं राहून नाक मुरडायचा सराव केला होता. चंद्रप्रकाशांनी तर जरा जास्तच मनावर घेतलं. त्यांनी लिफ्टला नावं ठेवली, जिन्याला नावं ठेवली, आणि शेवटी हॉलमध्ये लावलेल्या घरमालकाच्या दिवंगत वडिलांच्या फोटोलाही फ्रेम साधी आहे म्हणाले. तरी सौदा जमला, आणि त्याचं श्रेय बाईंना देणं भाग होतं.

"तुम्ही या भाऊ," चंद्रप्रकाश म्हणाले, "पण तिथे बोलायचं काम मॅडमना करू दे."

"मी कित्याक बोलतलंय?" भाऊ म्हणाले. "मी फक्त देवाक सांगतलंय."

गाडीत भाऊ पुढे बसले. पवईच्या चढावर त्यांनी सिद्धेशला खोदून खोदून विचारलं की समजा आयत्या वेळी मालक अडून बसला तर किती वर चढशील. सिद्धेश आधी नाही नाही म्हणाला. मग म्हणाला, कर्ज मंजूर झालंय त्यात अजून दहा लाख बसतात, पण हे उत्तरा मॅडमनासुद्धा सांगितलेलं नाही. भाऊंनी मान डोलावली. घरातली गुपितं आपल्याकडे सुरक्षित असतात असा त्यांच्या चेहऱ्यावर भाव होता.

बोरिवलीच्या घराचे मालक हर्षदभाई शहा हे पन्नाशीचे, गुबगुबीत, आणि मराठी बोलताना मधेच डोळे मिटून घेणारे गृहस्थ होते. बायको मुलाकडे बडोद्याला पुढे गेली होती. ते मागे राहून घर विकत होते. उत्तराबाई आधीच येऊन सोफ्यावर बसल्या होत्या, मठकरांच्या बाजूच्या. भाऊंना बघून त्यांच्या कपाळावर बारीकशी आठी आली, पण नमस्कार करताना ती पुसली गेली.

"हे मोठे काका," सिद्धेश म्हणाला.

"वा वा, वडीलधारे हवेतच," उत्तराबाई म्हणाल्या, आणि मग अक्षताच्या कानाशी, "गप्प बसतील ना?"

"ते फक्त देवाशी बोलणार आहेत," अक्षता म्हणाली.

सिद्धेशने चेकबुक काढलं. तेवढ्यात भाऊ उठले. "थांब रे. आधी गाऱ्हाणा." त्यांनी पिशवीतून नारळ काढला, चपला दाराशी काढलेल्याच होत्या, आणि हर्षदभाईंच्या देव्हाऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. देव्हाऱ्यात श्रीनाथजी होते. भाऊंची त्याला हरकत नव्हती. त्यांच्या मते रवळनाथाला कुठूनही ऐकू जातं, फक्त आवाज मोठा हवा.

"काय करतात?" हर्षदभाईंनी विचारलं.

"आमच्याकडे पद्धत आहे," चंद्रप्रकाश म्हणाले. "चांगल्या कामाआधी देवाला सगळं सांगायचं. वडील सांगतात, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं."

"बहू सारू," हर्षदभाई म्हणाले आणि हात जोडून उभे राहिले. मग सगळेच उभे राहिले. उत्तराबाईंनी फोन बंद करून पर्समध्ये ठेवला.

भाऊंनी डोळे मिटले. गाऱ्हाणं घालावं तर भाऊंनीच, असं गावात म्हणत. आवाज खणखणीत, शब्द कुठे अडायचा नाही, आणि मुख्य म्हणजे भाऊ देवापासून काही हातचं राखत नसत. अर्धवट सांगितलं तर देव अर्धवट देतो, हा त्यांचा अनुभव होता.

"बा देवा रवळनाथा, माये सातेरी, गावच्या पूर्वसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी लेकरा हय बोरिवलीक जमली असत. मुंबय शारात पॉट भरूक इली, तुझ्या पायाचो आशीर्वाद घेवन चार पैशे जोडल्यानी. आज ती घर घेतत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घर तेंका मनापासून आवडला हा. वरसून तोंडा वाकडी केल्यानी, नावा ठेवल्यानी, ता सगळा त्या बायेन शिकवला म्हणान केल्यानी. मनात कोणाच्याच काय नाय. तेंच्या चुका पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्ह..." सिद्धेशचा आवाज मधेच विझला. जानकीने डोळे उघडले. उत्तराबाईंचे आधीच उघडे होते.

"ह्या सोडून तेंच्या मनात आता दुसरा घर नाय. ह्या गेला तर तेंका खय जाऊचा ता म्हायत नाय. जो भाव ठरलो तो तर देतलेच, वर वेळ पडली तर धा लाख चढूचीसुद्धा तेंची तयारी असा. पण ती वेळ तू आणू नको. ह्या सज्जन माणसाच्या मनात लोभ घालू नको, आणि आमचा काम शेवटाक ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हे शेवटचं 'व्हय म्हाराजा' सगळ्यांत खणखणीत आलं, आणि ते एकट्या हर्षदभाईंनी म्हटलं होतं.

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. हर्षदभाईंनी सावकाश डोळे उघडले. "माझा बाजूवाला वीस वर्षं कणकवलीचा होता," ते म्हणाले. "सार्वजनिक पूजेला दर वर्षी गाऱ्हाणं तोच घालायचा. भाऊ, देवाने ऐकलं का मला माहीत नाही. पण मी ऐकलं."

भाऊंनी न फोडलेला नारळ टीपॉयवर ठेवला. आपण काही चुकीचं केलं असं त्यांना अजून वाटत नव्हतं. मधे ऐकणाऱ्याने ऐकलं, त्याला ते काय करणार?

"भाव जरा परत बघावा लागेल," हर्षदभाई म्हणाले. "मला वाटत होतं तुम्हाला घर आवडलं नाही, तुम्ही बिचारे नाइलाजाने घेता. म्हणून मी उतरलो. माझ्या बापाच्या फोटोला पण तुम्ही बोलले. मी म्हटलं, जाऊ दे, घर पसंत नाही त्यांना, त्रास आहे. आता कळलं की नाटक होतं. दहा नको, माणुसकी म्हणून सात वाढवा."

"हर्षदभाई, असं नसतं," सिद्धेश म्हणाला. "शब्द झाला होता. मॅडम, सांगा ना."

उत्तराबाई उठल्या. त्यांनी पदर सारखा केला, टीपॉयला वळसा घातला आणि हर्षदभाईंच्या बाजूच्या सोफ्यावर जाऊन बसल्या. "सिद्धेश, त्यांचंही चुकीचं नाही," त्या म्हणाल्या. "तुमची कपॅसिटी तुम्ही माझ्यापासूनसुद्धा लपवलीत. आणि ठाण्याचे डॉक्टर सात सहज देतील. काल रात्रीच त्यांचा फोन होता."

"मॅडम, तुम्ही आमच्या की त्यांच्या?" अक्षताने विचारलं.

"मी व्यवहाराची गं," उत्तराबाई म्हणाल्या. त्यांची दलाली किमतीवर टक्क्याने होती, आणि दोन्हीकडून होती. भाऊंच्या गाऱ्हाण्याने खोलीत कुणाचं भलं झालं असेल तर ते त्यांचं.

"बघितलास?" भाऊंना आता हुरूप आला. "मी सकाळी काय सांगी होतंय? दोघांच्या मधी उभी रवता ती! चला, उठा सगळे. नको ह्या घर. चंद्रप्रकाश, चपला घाल."

"अहो पण भाऊ, घोळ तुम्ही घातलात!" सिद्धेश ओरडला.

"मी? मी देवाक खरा सांगलंय. खरा सांगान बिघडता तो व्यवहारच वाईट असा. तुका घरच होया ना? मोठा होया ना? माका म्हायत असा एक. खडप्याचो भाव, तेची तीन खोल्यांची जागा असा, तुमच्याच मागच्या बिल्डिंगीत. कांजूरलाच! शेवटचो मजलो, दोन्ही बाजून वारो. एजंट नको, काय नको, आज संध्याकाळी जाऊन बघूया."

संध्याकाळी. संध्याकाळचा वारा कुठे वाहतो हे जानकीला पाठ होतं. मागची बिल्डिंग डेपोला आणखी जवळ होती. तिथे लोक बाल्कनीत कपडे वाळत घालत नसत.

ती नवऱ्याकडे बघत राहिली. आता तरी हा माणूस तोंड उघडेल असं तिला वाटलं. चंद्रप्रकाशांनी भावाकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, टीपॉयकडे बघितलं. "भाऊ म्हणतात त्यात तथ्य आहे," ते म्हणाले. "बघायला काय हरकत आहे?" आणि चपला शोधायला दाराशी गेले. अक्षताच्या डोळ्यांत पाणी आलं. सिद्धेशने चेकबुक इतक्या रागाने खिशात कोंबलं की त्याचा कोपरा दुमडला. तोही दाराकडे निघाला. या घरात भाऊ उठले की सगळे उठत, आजवर याला अपवाद झालेला नव्हता.

जानकी उठली नाही. तिला स्वतःचंच नवल वाटलं. पाय उठायला तयारच नव्हते. ती टीपॉयकडे बघत होती.

"गो, चल," भाऊ दारातून म्हणाले. एका पायात चप्पल होती.

"भाऊ, नारळ रवलो," जानकी म्हणाली.

"घे तो पिशयेत."

"गाऱ्हाणा घातलेलो नारळ तसोच परत नेतत? फोडूक नको?"

भाऊ अडखळले. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. गाऱ्हाणं घातलं आणि नारळ फोडला नाही, म्हणजे गाऱ्हाणं उघडंच राहिलं. असं त्यांच्या घराण्यात कधी झालं नव्हतं.

जानकीने नारळ उचलला. देव्हाऱ्यासमोर गेली, डोक्यावर पदर घेतला. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत हे तिला ठाऊक होतं. पण घालू नये असं देवाने सांगितलेलं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, आणि लहानपणापासून इतकी गाऱ्हाणी ऐकली होती की तोंडात शब्द आपोआप आले. आवाज मात्र पहिल्यांदा कापला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा..."

मग अक्षता नाक ओढत म्हणाली, "व्हय म्हाराजा." सवयीने सिद्धेशही म्हणाला.

"भाऊंनी तुका सगळा सांगल्यानी. काय रवला असात ता मी सांगतंय. हय कोणीतरी ठाण्याचे डागतर असत म्हणतत. ते जर खरेच असतीत, तर ह्या घर तेंकाच मिळू दे. तेंची लेकरा हय सुखान नांदू दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सिद्धेश-अक्षता म्हणाले. हर्षदभाईंनी हात जोडले होते, त्यांनीही म्हटलं.

"पण ते जर नसतीतच," जानकीचा आवाज आता लागला, "आणि कोणी नसलेल्या माणसांचा नाव घेवन गरिबाच्या घराचो भाव चढवल्यान असात, दिलेलो शब्द फिरवल्यान असात, तर तेका तू तुझ्या पद्धतीन बघून घे. तेच्या पायातली चप्पल आणि चुलीतलो विस्तव तुका दिसता. आमी कोण सांगणार, म्हाराजा!"

गाऱ्हाण्याची गोष्ट अशी की त्याला उत्तर द्यावंच लागतं, आणि जो देणार नाही तो उघडा पडतो. जानकीने मान वळवून वाट बघितली. सिद्धेशने म्हटलं, अक्षताने जरा जोरातच म्हटलं. हर्षदभाईंच्या ओठांवर 'व्हय' आलं आणि तिथेच थांबलं. कणकवलीच्या शेजाऱ्याच्या गाऱ्हाण्यांनी काय काय झालं होतं हे ते वीस वर्षं बघत आले होते. त्यांनी उत्तराबाईंकडे बघितलं.

"उत्तराबेन, ते डॉक्टर आहेत ना?"

"आहेत म्हणजे..." उत्तराबाईंनी पर्सचा बंद घट्ट धरला. त्या दर मंगळवारी सिद्धिविनायकाला चालत जाणाऱ्यांतल्या होत्या. "इंटरेस्टेड होते. दिवाळीत. पक्कं असं अजून काही..."

"मला तर तुम्ही काल पण सांगितलं, आज येतात टोकन घेऊन!"

"अहो, मार्केटमध्ये तसं बोलावं लागतं हो! तुमच्याच फायद्यासाठी बोलले ना मी. त्यांच्याही." आणि मग जानकीकडे बघून घाईघाईने, "मावशी, तेवढं ते 'बघून घे' मागे घ्या ना. मी माझ्या टक्क्यात कमी करते. पाव टक्का."

"मी कोण मागे घेणार?" जानकी म्हणाली. "तो बघता ता."

हर्षदभाईंनी घाम पुसला. मुलाकडे जायचं होतं, नवं दुकान टाकायचं होतं, अशा वेळी माथ्यावर काही नको होतं. "जे ठरलं तेच," ते म्हणाले. "सात नको, सत्तर हजार पण नको. व्हय म्हाराजा. आता फोडा पटकन."

"फोडा आई, फोडा!" सिद्धेशने खिशातून चेकबुक काढलं. अक्षताने हसत हसत डोळे पुसले. चंद्रप्रकाश चपला काढून आत आले. भाऊसुद्धा दारात उभे राहून खुशीत म्हणाले, "बघ, शेवटाक देवानच केल्यान काम. एजंटान नाय."

इथे जानकीने नारळ फोडला असता तर सगळं गोड झालं असतं. घर मिळालं होतं. वास न उच्चारता ते कांजूरहून निघून गेले असते, आणि भाऊंनी उरलेली सगळी लग्नं त्याच गोष्टीवर काढली असती. पण पुढच्या महिन्यात उत्तराबाई वारा बघून कुणालातरी तिच्या स्वयंपाकघरात उभं करणार होत्या, आणि भाऊ कुणालातरी खडप्याच्या भावाकडे नेणार होते. तिला राग आला, स्वतःचा सगळ्यांत जास्त.

"थांबा," ती म्हणाली. "संपूक नाय अजून."

ती पुन्हा देव्हाऱ्याकडे वळली. "बा म्हाराजा, बारा वर्सांआधी भाऊंनी आमका कांजूरचा घर घेऊन दिल्यानी. चांगल्या मनान दिल्यानी. स्वतः उन्हातान्हात फिरले, आमच्याकडसून एक चाय घेवक नाय. तेंचे उपकार आमी इसरूक नाय."

"व्हय म्हाराजा," चंद्रप्रकाश खुलून म्हणाले.

"पण त्या घरात वास येता, म्हाराजा."

चंद्रप्रकाशांचं तोंड उघडंच राहिलं.

"कचऱ्याचो वास येता. सकाळी येता, जेवताना येता, पावसात तर ऱ्हववत नाय. गटार कधीच तुंबूक नव्हता. बारा वर्सा मी रांदपाच्या खोलयेची खिडकी उघडूक नाय. भाऊ येतले म्हटल्यार उदबत्त्ये लावतंय. पोरग्याचे मित्र घराकडे येयनासे झाले, ता मी बघितलंय. त्या खडप्यान भाऊंका फसवल्यान, आणि आमी भाऊंका फसवलाव. आता ता घर इकताना जो कोण बघूक येयत, तेका मी स्वतः सकाळी बोलवतलंय, खिडकी उघडून दाखवतलंय. पैशे कमी इले तर येऊ देत. माझ्या हातसून तिसऱ्याक फसवूक नको, म्हाराजा."

उत्तराबाई "सकाळी?" असं काहीतरी पुटपुटल्या. सिद्धेश खाली बघत होता. या गाऱ्हाण्याला उत्तर द्यायचं तर भाऊंच्या तोंडावर द्यायचं होतं, आणि तसं करण्याचा या घरात कुणालाच सराव नव्हता. जानकी नारळ धरून उभी राहिली. हात भरून आले.

"व्हय म्हाराजा."

चंद्रप्रकाश होते. ते भावाकडे बघत नव्हते, पण म्हटलं त्यांनीच. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. जानकीचे डोळे भरले ते त्या दोन शब्दांनी.

भाऊ दारातच होते. गंध कपाळावर, एक पाय चपलेत, एक फरशीवर. माणूस एकदम म्हातारा दिसू लागला होता. "वास येता?" त्यांनी हळूच विचारलं. "माका कधी येवक नाय तो?"

"तुमका येऊ नये म्हणान तर सगळा करी होतंय."

"इतकी वर्सा बोललस नाय ता? एक शब्द?"

"कशी बोलतलंय भाऊ?" जानकी म्हणाली. आता तिला राग नव्हता, नुसतं वाईट वाटत होतं. "एजंटान घेऊन दिलेला असता तर रोज सकाळी तेका शिव्यो तरी घालूक मिळाल्यो असत्यो. तुमका कश्यो घालूच्यो?"

उत्तराबाईंनी हे ऐकून मान डोलावली. आपल्या धंद्याची इतकी सरळ बाजू आजवर कुणी मांडली नव्हती.

भाऊंनी भिंतीला हात लावून पायातली चप्पल काढली, आत आले, आणि नारळ फोडायला हात पुढे केला.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले. बघत मात्र होते जानकीकडे.